आप्पांचं नाक

आप्पा, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. परवा कारखान्याच्या ऑफिसातून निरोप आला की वार्षिक अंकात तुमच्यावर एक पान घ्यायचंय आणि डिस्टिलरीची प्रमुख म्हणून ते मीच लिहून द्यावं. जन्म, नोकरी, निवृत्ती आणि शेवटी 'मनमिळाऊ स्वभावाचे होते' एवढं टाकलं की झालं, असंही वर सांगितलं. आता तुम्ही मनमिळाऊ कधी होता? एक्साइजच्या इन्स्पेक्टरला "पावणं, हाताला अत्तर लावून आलाय, नमुन्याच्या बाटलीला हात लावू नगा" म्हणून दाराबाहेर उभं केलेलं मी स्वतः बघितलंय. तारखा मला ठाऊक नाहीत. मला एकच दिवस नीट ठाऊक आहे आणि त्या दिवसाबद्दल मी अकरा वर्षं तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तेव्हा हे पान त्यांना हवं तसं होणार नाही.

मी केमिस्ट म्हणून लॅबमध्ये आले तेव्हा सगळ्या डिस्टिलरीत बाई अशी मी एकटी. साखर कारखान्याची डिस्टिलरी म्हणजे घराचं मागचं अंगण, पुढं पांढरी साखर आणि मागं तिची उरलेली काळी मळी आंबवून काढलेलं स्पिरिट. पहिल्या आठवड्यात त्या वासानं मला जेवण जात नव्हतं. तुम्ही जुन्या तांब्याच्या भट्टीवर होता. मंगळवार पेठेतलं लिंगायत घर, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, कानावर पेन्सिल. दारूच्या धंद्यात उभा जन्म काढून जिभेला थेंब लावला नव्हता. मी विचारलं, चव घेतल्याशिवाय माल कळतो कसा? तुम्ही म्हणालात, "बाई, हलवायानं सगळी जिलबी खाल्ली तर गिऱ्हाइकाला काय देणार?"

मग तुम्ही दाखवलंत. तळहातावर दोन थेंब घ्यायचे, हात एकमेकांवर चोळायचे आणि लगेच एकदा वास घ्यायचा. मग पायरीपर्यंत एक फेरी मारून यायची, परत घ्यायचा. तिसऱ्या फेरीला स्पिरिट सगळं उडून गेलेलं असतं आणि हातावर जे उरतं तोच खरा माल. भट्टीतून पहिली धार येते ती डोक्यात जाणारी, शेवटची येते ती तेलकट, कुबट; मधली तेवढी घ्यायची. मधली कुठं सुरू झाली आणि कुठं संपली हे तुमचे तळहात सांगायचे, आणि तुम्ही व्हॉल्व्ह फिरवायचा. त्याच दिवशी तुम्ही मला आणखी एक गोष्ट सांगितलीत. "बाटलीवर लेबल पेन्सिलनं ल्हिवायचं. स्पिरिट शाई खातंय." हे मला कॉलेजातही शिकवलं होतं. मी मान डोलावली.

त्या नाकासाठी तुमच्या घरानं काय काय सोसलं ते मला नंतर कळलं. तुमची ड्यूटी असेल त्या दिवशी अक्का, तुमच्या मंडळी, भाजीत लसूण घालायच्या नाहीत. लसणाशिवाय आमटी म्हणजे कोल्हापुरात शिक्षाच की. जोतिबाच्या यात्रेला तुम्ही दरवर्षी जायचा, पण गुलाल नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून. अक्का म्हणायच्या, देव म्हणत असंल, ह्यो कोण दरोडेखोर आलाय.

मग नवा प्लँट आला. उंच स्टीलचे खांब, अखंड चालणारे, आणि एका काचेच्या खोलीत दिवे लुकलुकणारं पॅनल. आजही सांगते, प्लँट चांगला होता. वाफ कमी लागायची, माल जास्त यायचा, कुणाचे हात भाजायचे बंद झाले. तुम्हीही तसं म्हणालात. फक्त एवढंच म्हणालात की मिशीन किती हाय ते सांगतंय, कसं हाय ते न्हाय सांगत. हे कुणीतरी कारखान्याच्या एम.डीं.च्या कानावर घातलं आणि त्यातून ती परीक्षा निघाली. तीन टाक्यांतले तीन नमुने. आधी आप्पांचं नाक, मग लॅबमधलं नवं यंत्र. प्लँट देणाऱ्या कंपनीचे इंजिनियर खास बघायला आले होते. यंत्र चालवणारी मी.

तुम्ही सगळ्यांसमोर प्रत्येक नमुन्याला तीन फेऱ्या मारल्यात, तीनदा हात धुतलेत आणि म्हणालात, "एक नंबर निर्मळ. तीन बी निर्मळ. दोन नंबरात शेवटची धार मिसळलीया, ओल्या गोणपाटाचा वास हाय." मी बाटल्या घेऊन लॅबमध्ये गेले. तासाभरानं कागद घेऊन आले. कागदावर दोन नंबर स्वच्छ होता आणि तीन नंबर खराब.

एम.डी. हसले. ते हसले म्हणून इंजिनियर हसले, आणि मग सगळेच. "आप्पा, वय झालं आता," एवढंच ते म्हणाले, तेही प्रेमानंच. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्ही नुसते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिलात. पुढच्या सोमवारी तुम्हाला उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर बसवलं. त्या दिवशी अक्कांनी आमटीला लसणाची फोडणी दिली. हे तुम्हीच मला नंतर हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही.

आता ते सांगते. त्या दिवशी माझ्याकडे नवं पेन होतं. पाहुणे येणार, आपली बाटल्यांवरची अक्षरं ठळक दिसावीत म्हणून मी लेबलं पेनानं लिहिली. आप्पा, तुमच्या कानावरची पेन्सिल माझ्यापासून हातभर लांब होती. लॅबमध्ये सिरिंज भरताना स्पिरिट बाटलीवरून ओघळलं आणि दोन आणि तीन नंबरच्या लेबलांची शाई धुऊन गेली. दोन निळे डाग उरले. बाहेर सगळे खोळंबले होते. परत बाहेर येऊन 'लेबलं पुसली, पुन्हा नमुने काढू' म्हणायला मला दहा मिनिटं लागली असती. मी मनाशी म्हटलं, ही डावीकडची दोन नंबर. आणि नवी लेबलं चिकटवली. तेव्हा मला खरंच खात्री वाटत होती. खात्री वाटणं किती सोपं असतं.

तीन आठवड्यांनी एक टँकर परत आला, माल कुबट म्हणून. दोन नंबरच्या टाकीतला. मी टाकीतून ताजा नमुना काढला, यंत्राला लावला, आणि यंत्रानं तेच सांगितलं जे तुम्ही सांगितलं होतं, फक्त गोणपाट हा शब्द सोडून. म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं आणि तुमचं नाकही नव्हतं. मधली मी चुकले होते. वरिष्ठांना मी सांगितलं की टाकीत नंतर काहीतरी मिसळलं असेल. त्यांनी विश्वास ठेवला. कागद माझाच होता ना.

तुम्ही विचाराल, का गं बाई? कारण त्या डिस्टिलरीत बाई कधी चुकते याची वाट बघणारे दहा जण होते. "बाई हाय, हुयाचंच" हे वाक्य त्यांच्या ओठावर तयार होतं. मी एकदा चुकले असं कळलं असतं तर माझ्यामागून त्या लॅबमध्ये दुसरी बाई आली नसती, असं मी स्वतःला समजावलं. ते थोडं खरंही होतं. पण त्याच्याखाली साधी भीती होती, ती जास्त खरी होती. मी एका दुपारी काट्यावर आले होते, सांगायचं ठरवूनच. तुम्ही मला खुर्ची दिलीत, चहा मागवलात, आणि कानावरची पेन्सिल काढून एका गाडीचा नंबर लिहिलात. मी चहा पिऊन परत आले.

आणि मग ती म्हण झाली. कुणाचा अंदाज चुकला, कुणी पत्त्यांत भलतंच पान टाकलं, कुणी पावसाचा भरवसा देऊन भिजला, की कारखान्यात म्हणतात, "झालं, आप्पांचं नाक." नवीन लागलेल्यांना तर हेही माहीत नाही की आप्पा नावाचा खरा माणूस होता. माझ्यासमोरही म्हणतात. मी फाईलमध्ये डोकं घालते.

तुम्ही निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी मला आयर्लंड बघायला मिळालं. प्लँटवाल्या कंपनीनं आम्हा तिघांना आठ दिवस परदेशी नेलं, त्यातला एक दिवस तिथल्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत. मोड आणून वाळवलेला सातू, दुसरं धान्य नाही, आणि सगळा माल एकाच डिस्टिलरीचा. त्याला सिंगल माल्ट म्हणतात. घागर पालथी ठेवावी तशी तांब्याची तीन मोठी भांडी. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, माल तीनदा निघतो. धार काचेच्या पेटीतून वाहते आणि त्या पेटीला आपल्याकडच्या एक्साइजसारखं पितळी कुलूप, कुणी माल चोरू नये म्हणून. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती खूश झालात, "तितं बी कुलूप? मग माणसं सारखीच की." शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं एक मुलगी बसली होती आणि सगळे व्हॉल्व्ह पडद्यावरून फिरवत होती. मी म्हटलं, झालं, इथंही संपलं. तेवढ्यात एक म्हातारा आत आला. त्यानं नमुन्याच्या नळीतून दोन थेंब तळहातावर घेतले, हात चोळले, वास घेतला, आणि दारापर्यंत फेरी मारून आला. त्यानं मान हलवली तेव्हा त्या मुलीनं पडद्यावर बोट ठेवलं.

मी बाहेर जाऊन तोंड धुतलं. बरोबरच्यांना वाटलं थंडी बाधली.

तिथून मी तुमच्यासाठी दहा वर्षं मुरलेली एक बाटली आणली आणि सरळ मंगळवार पेठेत आले. अक्कांनी उंबऱ्यातच अडवलं. "यव्वा, तू ये. ती न्हाई यायची." म्हणून मग आपले रविवार माझ्या घरी सुरू झाले. पूजा आटपून दहाच्या सुमाराला तुम्ही सायकलवर यायचा. आई रस्त्याकडचा पडदा ओढून घ्यायची आणि पोहे टाकायची. दारू चाखणारी तिची पोरगी आणि तळहात हुंगणारा लिंगायत म्हातारा, लोकांना सांगणार काय? आणि शनिवार रात्रीपासून अक्कांच्या स्वयंपाकातला लसूण पुन्हा बंद झाला.

पहिल्या रविवारी मी खोका लपवून ठेवला होता. तुम्ही दोन थेंब घेतलेत, चोळलेत, डोळे मिटलेत. "पेरू. पिकलेला न्हाय, पाडाला आलेला." गच्चीच्या कडेपर्यंत फेरी. "काकवी. गुऱ्हाळातली ऊन न्हाय, गाडग्यात गार झालेली." तिसरी फेरी मारताना तुम्ही मध्येच थांबलात. "बाई, ह्यात तेल कसं न्हाय? हातावर काय चिकटंना. ही दोनदा काढून अशी सुटत न्हाय. तीनदा काढलीया." मी खोका काढून दाखवला. तीनदा काढल्याचं त्यावर छापलं होतं. तुम्ही ती इंग्रजी अक्षरं बोटानं चाचपून बघितलीत आणि मला विचारलंत, "बरोबर का?"

बरोबर का. तुम्ही पूर्वी कधी असं विचारत नव्हता. पूर्वी तुम्ही सांगायचा. आता प्रत्येक वासानंतर माझ्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा. म्हणून मी रविवारमागून रविवार बाटल्या आणत गेले, आयर्लंडच्या, कुणाकुणाला सांगून. तुम्ही वास सांगायचा, मी चमचाभर जिभेवर घेऊन चव सांगायची. पुढं मऊ लागते, मागून मिरी येते. चार थेंब पाणी घातलं की काकवी आणखी उघडते. अर्धी बाटली महिनाभर राहिली तर "हिला वारं लागलंय" हे तुम्ही बूच काढतानाच ओळखायचा. प्रत्येक वेळी मी म्हणायची, बरोबर, आप्पा. मला वाटायचं, असं शंभरदा म्हटलं तर ते एकदा न म्हटलेलं भरून निघेल. नाही निघत.

नाक मोठं का यंत्र, हे आपलं भांडणही अर्धंच राहिलं. मी तुम्हाला सांगितलं की तो अखंड चालणारा खांब सुधारून बाजारात आणला तो आयर्लंडमधल्याच माणसानं, आणि तिथल्याच मोठ्या भट्टीवाल्यांनी त्याला नाक मुरडलं. शेजारच्या देशानं तो उचलला आणि पुढं आयर्लंडच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. कारणं आणखीही होती, पण हेही होतं. "म्हणजे आप्पा, नाकवाल्यांनीच स्वतःची भट्टी विझवली." तुम्ही पोह्यातला शेंगदाणा शोधत म्हणालात, "विझली. पर आज तू बाटली कुणाची आणलीयास? खांबाची का तांब्याच्या भांड्याची?" मी म्हटलं, भट्टीच उरली नाही तर नाक काय करणार? तुम्ही म्हणालात, त्येचं उत्तर फुडच्या रैवारी देतो. ते उत्तर काही आलं नाही, किती रविवार गेले तरी.

त्या म्हाताऱ्याची गोष्ट मी तुम्हाला खूप दिवस सांगितली नव्हती. एका रविवारी तोंडून निघून गेली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "म्हंजे त्येंनी मिशीन बी आणलं आन् म्हातारा बी ठिवला."

"होय."

बराच वेळ तुम्ही तळहात चोळत राहिलात, कोरडेच. "बाई, एक इचारू? त्या दिशी माझं खरंच चुकलंतं का?"

आप्पा, देवानं माझ्या पुढ्यात पान वाढून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पोहे गार होतायत."

तुम्ही पोहे खाल्लेत. हात धुताना माझ्याकडं पाठ करून म्हणालात, "चुकलंच आसंल. मिशीन कशाला खोटं बोलंल."

तुम्ही गेलात त्या दिवशी मी आले तेव्हा तुम्हाला सोप्यात बसवलं होतं, तुमच्यात बसवतात तसं, भिंतीला टेकून, कपाळभर विभूती लावून. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते. लोक येत होते, फुलं वाहत होते. मला त्या तळहातांशिवाय काही दिसत नव्हतं.

चार दिवसांपूर्वी मी अक्कांकडे जाऊन सगळं सांगितलं. पेन, शाई, लेबल, टँकर, पोहे. त्या लसूण सोलत होत्या. मला वाटलं रडतील किंवा हाकलून देतील. त्यांनी हातातली कुडी पूर्ण सोलली आणि म्हणाल्या, "त्या दिवसापास्नं दूध उतू गेल्याचा वास आला तरी मला हाक मारायचे. बघ गं, खरंच गेलंय का मला वाटतंय. स्वतःच्या नाकावर भरवसाच ऱ्हायला नव्हता त्येंचा." मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपेग, यव्वा? त्येंला सांगायचं की."

मी उठले तर म्हणाल्या, "बस. भाकरी खाऊन जा." निघताना आतून तुमची पेन्सिल आणून दिली, बोटाच्या पेराएवढी उरलेली. "कानावरची हाय. आमच्यात आता कोण ल्हिवतंय."

म्हणून हे तुम्हाला सांगतेय, उशिरा. आणि तुम्हाला एकट्याला नाही, कारण हसले होते ते सगळ्यांसमोर. हे पान अंकात यायचं असेल तर असंच यायचं, एक शब्द कापायचा नाही, असं मी एम.डीं.ना आज सकाळी सांगितलंय. त्यांनी इथवरचं वाचलं. ते म्हणाले, मॅडम, तुमची खुर्ची विचारात घ्या. मी म्हटलं, अकरा वर्षं तिचाच विचार केला.

तर हे वाचणाऱ्या सगळ्यांनो, कारखान्यात यापुढं कुणी कुबट माल तीन फेऱ्यांत ओळखला, तर त्याला म्हणा, हे आप्पांचं नाक. चुकणाऱ्याला माझं नाव ठेवा.

कागद पेन्सिलनं लिहिलाय, आप्पा, तुमच्याच. नमुना क्रमांक दोन खराब होता. शेवटची धार, ओल्या गोणपाटाचा वास. तुमचं बरोबर होतं.